तीन आठवडे आधीची लावणी

जोबेदाचाचींनी लोंबी नखाने दाबली. दाणा नाही, नुसतं टरफल. दुसरी दाबली, तिसरी दाबली. बांधावर उभ्या असलेल्या शफायेतकडे त्यांनी पाहिलं नाही.

"वरून कसं भरल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. "आत नुसता वारा."

सुनामगंजकडच्या या गावांतून शफायेत सात वर्षं शेतीखात्याचा माणूस म्हणून सायकलवर हिंडत होता. हाओरच्या, म्हणजे पावसाळाभर पाण्याखाली राहणाऱ्या सखल जमिनीत वर्षाला भाताचं एकच पीक. हिवाळ्यात पाणी ओसरलं की लावणी करायची आणि उत्तरेच्या डोंगरातलं पाणी बांध फोडून यायच्या आत कापून मोकळं व्हायचं. दोन वर्षांपूर्वी पाणी लवकर आलं आणि हिरवी शेतं डोळ्यांदेखत बुडाली. तेव्हापासून त्याने धसका घेतला होता. म्हणून यंदा त्याने चाचींना लवकर पिकणारं बियाणं दिलं आणि वर लावणीही तीन आठवडे आधी करायला लावली. असं बियाणं आधी लावलं तर ऐन थंडीत पोटरीत येतं आणि दाणा धरत नाही, हे तो शिकलेला होता. चाचींनी विचारलंही होतं, "माघाची थंडी सोसेल का याला?"

"थंडीचं मी बघतो. तुम्ही पाण्याला भ्या," असं म्हणून त्याने पायडल मारलं होतं.

गावात बाकी कुणी त्याचं ऐकलं नव्हतं. चाचींचा दीर इद्रिस मियाँ तर तोंडावर हसला होता. आता त्याचं भात दाण्यांनी वाकलं होतं.

"वहिनीच्या हातालाच बरकत नाही," टपरीवर चहा पिताना इद्रिस म्हणाला. "भाऊ गेला तेव्हाच ओळखलं मी. तुम्ही तरी काय करणार, साहेब?"

शफायेतने मान खाली घातली. पेला रिकामा केला आणि सायकल काढली.

रोज संध्याकाळी तो बांधावर जाऊन उत्तरेकडे बघू लागला. एक दिवस डोंगरावर काळं आभाळ दाटलं आणि त्याला एकदम हलकं वाटलं. आता येईल पाणी. सगळ्यांचं बुडेल, मग म्हणतील, शफायेत खरं सांगत होता. हे आपल्याच मनात आलं, हे कळायला त्याला एक क्षण लागला. कळलं तेव्हा त्याने डोंगरावरची नजर खाली वळवली.

"येईल का हो पाणी?" मागून चाची आल्या होत्या. हातात विळा होता. "उद्यापासून इद्रिसकडे कापणीला जाते. दहा भाऱ्यांमागे एक मिळेल. यंदाचं खाणं तेवढंच."

"चाची," तो म्हणाला, "तुमच्या नशिबाचा यात काही संबंध नाही. ते बियाणं इतक्या लवकर लावायचं नसतं. मला ठाऊक होतं. मी घाबरलो होतो, म्हणून तुम्हाला लावायला लावलं."

चाचींनी विळा कमरेला खोचला.

"इतके दिवस मी नमाजात विचारतेय, माझं काय चुकलं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आता मला सांगून काय उपयोग? इद्रिसला सांगा. सगळ्यांच्या देखत."

रात्रीत आभाळ पूर्वेकडे सरकून गेलं. सकाळी इद्रिसच्या शेतात वीसेक माणसं ओळीने वाकली होती, त्यात चाचीही. शफायेतने सायकल बांधावर आडवी टाकली, चपला काढल्या आणि चिखलात उतरला.

"जोबेदाचाचींचं पीक माझ्यामुळे गेलं," तो म्हणाला. ओळीच्या टोकापर्यंत पोचलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला. "चूक माझी होती. त्यांच्या हाताला काही झालेलं नाही."

विळे थांबले. इद्रिसने खाकरून मान दुसरीकडे वळवली. कुणी हसलं नाही.

चाचींनी आपला भारा आवळून बांधला. उचलून द्यायला शफायेत पुढे झाला, पण तोवर त्यांनी तो एकटीनेच डोक्यावर घेतला होता. बांध अरुंद होता. त्या ताठ चालत आल्या तशी माणसं एकेक करून बाजूला झाली.