ठमीसाठी फिल्टरचं पाणी

सूनबाईंनी घोळ घातला तो आळसानं नव्हे, हौसेनं. ऑपरेशन झालेले सासरे आठ दिवसांनी घरी येणार, म्हणून काल तिनं त्यांची माशांची टाकी लख्ख केली. काचेवरचा क्षारांचा पांढरा थर खरवडून काढला आणि बोअरच्या जड पाण्याऐवजी टाकीभर पिण्याचं फिल्टरचं पाणी ओतलं. आपण जे पाणी तोंडात धरत नाही ते माशाला कशाला, असा तिचा सरळ हिशेब!

आज सकाळी बघते तर ठमी तळाशी. ठमी म्हणजे मोली जातीची काळी, गुबगुबीत मासोळी. वर्षापूर्वी गेलेल्या सासूबाईंच्या माशांतली शेवटची. पर मिटून जागच्या जागी नुसती डुलत होती. सुनेनं तडक माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

"अहो ताई, मोलीला जड पाणीच लागतं. क्षारांशिवाय ती तग धरायची नाही."

"मग बोअरचं ओतते लगेच!"

"खबरदार! एकदम बदललंत तर त्या धक्क्यानंच जाईल. दर पंधरा मिनिटांनी एक तांब्या. जास्त नाही."

बोअरच्या पाण्याची बादली भरून घेतली, त्यातले दोन तांबे टाकीत गेले तोच नवऱ्याचा फोन. "निघालो आम्ही. आणि हे बघ, डॉक्टरांनी बजावलंय, बाबांना त्रास होईल असं काही नको." तिनं सगळं सांगितलं, तसा तो कुजबुजला, "टाकीचा हवेचा पंप बंद पडला म्हण. नाहीतर ओत सगळी बादली, निदान हलताना तरी दिसेल!"

"अक्कल आहे का जराशी?" तिनं फोन आपटला.

पाचव्या तांब्यानंतर ठमी कुशीवर कलंडली. सुनेचा हात बादलीकडे गेलाच होता, तो तिनं कसाबसा मागे घेतला. घड्याळाचा मेला काटा हलेना. तेवढ्यात दार वाजलं.

सासरे आले ते मुलाचा हात धरून थेट टाकीपाशी. "पंप बंद पडलाय म्हणे?"

"मी केलं, बाबा," ती रडतच म्हणाली. "पंपबिंप काही नाही. मी फिल्टरचं पाणी घातलं. तिला बोअरचंच लागतं. तुम्ही बरोबर तेच घालत होतात."

सासरे काचेपाशी वाकून ठमीला बघू लागले. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक.

"मला कसलं डोंबल कळतंय!" ते म्हणाले. "सगळं तुझी सासू करायची, मी बघत बसायचो. ती गेल्यावर बोअरचा नळ जवळ पडतो म्हणून तेच घातलं. माझ्या आळसावर जगली गं बिचारी. तुझ्या सासूची म्हणून एवढीच उरलीय."

त्यांनी खुर्ची ओढली. "किती तांबे झाले?"

"पाच."

"सहावा कधी?"

"चार मिनिटांनी."

"मग रडतेस काय? घड्याळाकडे बघ. आणि मला नीट शिकव."

नवव्या तांब्याला ठमी सरळ झाली आणि तिनं एक पर उघडला. सासऱ्यांनी सुनेचा हात घट्ट धरला. दुसऱ्या हातानं त्यांनी दहावा तांब्या भरून ठेवला.