गाठी कुणाच्या बाजूला

“तुहं कुंपन माह्या मातीवर रुसलं वाटते,” शेजारचे खुशालराव हसत म्हणाले.

पुंजाजी हसला नाही. तहसील कचेरीत जायला निघालेला, अंगात चपराशाचा खाकी कोट, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, अशा अवतारात तो पडलेल्या कुंपणाजवळ उभा होता. तुऱ्हाट्यांचा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा, सबंध पट्टा त्याच्या बायकोच्या, मनकर्णाच्या वांग्यांवर निजला होता आणि त्यावर शेजारची काळी माती चढून बसली होती.

“रुसलं नाई जी, दबलं. माती मांगं घ्या थोडी.”

“माती काय मी ढकलली? पानी पेली अन् फुगली थे. काळी माती हाय, फुगनारच.”

हे खरं होतं. खरं बोलून आपली चूक झाकण्यात खुशालरावांचा हातखंडा होता. शेती गावाकडे, पण पोरांच्या शाळेसाठी त्यांनी मूर्तिजापुरात घर बांधलं होतं. उन्हाळ्यात अमरावतीला कुण्या वकिलाच्या बंगल्यात त्यांनी उंच ओट्यावर फुललेले गुलाब पाहिले आणि त्यांना वेड लागलं. शेतातली माती गाड्यांनी आणून त्यांनी कुंपणालाच टेकवून ओटा रचला आणि दिवाळीपासून दोन्ही वेळा त्याला पाणी चालू केलं. काळ्या मातीत जन्म काढलेल्या माणसाने असं करावं! हौसेला मोल नाही म्हणतात. मोल असतं, फक्त ते शेजारी देतो.

पुंजाजीच्या बापाचं घर पाटलाच्या जागेत होतं. तिथे भिंत लिंपायची तरी विचारून लिंपावी लागे. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर दोनेक वर्षांत पुंजाजीने ही जागा घेतली आणि घराच्या आधी कुंपण घातलं. आत राखण्यासारखं एक गाडगंही नव्हतं. लोक हसले.

त्या वस्तीत कुंपण कुणाचं हे विचारावं लागत नसे. अंबाडीच्या सालीच्या वाखाच्या गाठी ज्याच्या अंगणाकडे, कुंपण त्याचं आणि त्याखालची जागाही त्याची. दर वर्षी तूर निघाली की पुंजाजी नव्या तुऱ्हाट्या बांधी आणि मग उगीचच एकेक गाठ दाबून बघत अंगणभर फिरे. तेव्हा त्याच्याइतका सुखी माणूस तालुक्यात नसे.

संध्याकाळी तो कचेरीतून परतला तेव्हा कुंपण उभं होतं. खुशालरावांनी गावाकडचा गडी लावून नवे बांबू ठोकले होते, माती हातभर मागे ओढली होती.

“पाय, कसं उभं केलं! तुह्या हातानं असं झालं नसतं,” ते पलीकडून म्हणाले.

पुंजाजीने कुंपणावरून हात फिरवला. हाताला एकही गाठ लागली नाही. सगळ्या गुलाबांकडे होत्या. गडी जिकडे उभा होता तिकडे त्याने गाठी मारल्या असतील, एवढंच.  पण पुंजाजी घरातून विळा आणि वाख घेऊन आला आणि पहिला वेढा कापला.

“जाऊ द्या नं,” मनकर्णा म्हणाली. “उभं तं करून देल्लं.”

“उभं केलं, पन आपलं नाई राहिलं.”

खुशालराव पुढे आले. “कावून सोडून राहिला? मजबूत हाय नं!”

“मजबूत हाय जी. पन घर आमचं अन् कडी तुमच्या बाजूनं, असं झालं.”

“अबे, मी काय तुही जागा खातो?”

“तुमी नाई खात. उद्या आपले पोट्टे गाठी पायतीन.”

खुशालरावांचा चेहरा उतरला. “कर मंग तुह्या मनानं,” म्हणत ते घरात गेले.

कुंपण बांधणं दोघांचं काम. अलीकडून वाखाचं टोक सारायचं, पलीकडच्याने ते दुसऱ्या फटीतून परत द्यायचं. शेजारी मोकळं रान होतं तोवर मनकर्णा पलीकडे जाई. आता तिथे खुशालरावांचं फाटक होतं आणि त्या फाटकातून तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं. ती कुंपणावरून वांगी पुढे करी तेव्हा खुशालरावांची बायको कौशल्याबाई म्हणे, “आमच्या घरी हायेत, बाई.” आणि मग बाजारातून वांगी आणी.

म्हणून पुंजाजीने एका तारेला आकडा केला आणि पलीकडचं टोक त्या आकड्याने ओढून घेऊ लागला. दहादा तार घालावी तेव्हा एकदा टोक सापडे. दिवस मावळला. तुऱ्हाट्यांना गाल टेकून तो चाचपडत राहिला. मनकर्णा नुसती बाजूला उभी होती.

एकदा त्याने टोक सारलं आणि तार उचलली, तर ते टोक आपणहून फटीतून परत आलं. पलीकडे बांगड्या वाजल्या.

“धरा, भाऊ,” कौशल्याबाई हळूच म्हणाली.

पुंजाजीने टोक धरलं, आवळलं, आपल्या बाजूला गाठ मारली. 

“अवो, कुठं गेली?” घरातून खुशालरावांची हाक आली.

“येतो,” ती म्हणाली आणि चिखलात तशीच बसून राहिली. “द्या दुसरं.”

पुंजाजीने तारेचा आकडा सरळ करून बाजूला ठेवला आणि पुढचं टोक पलीकडे सारलं.