मोतीबाईंच्या पाठीमागे

मी एक जुना पाठपट्टा आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखा कुणी पाहिला नसेल. समुद्रात चालवायची एक लांब, निमुळती होडी असते, तिला कयाक म्हणतात. तिच्यात पाय लांब करून बसावं लागतं आणि तासन्‌तास वल्हं मारावं लागतं. अशा वेळी कमरेच्या मागे आधार देतो तो मी. हातभर लांबीचा, चार बोटं रुंदीचा, काळा. दिसायला काही खास नाही.

माझा जन्म बदलापूरजवळच्या सोनिवलीतला. मला बनवलं ते मोतीबाईंसाठी.

मोतीबाईंचं माहेर खाडीकाठचं. त्यांच्या वडिलांची मिठाची होडी होती आणि लहानपणी त्या ती वल्हवत असत. लग्न होऊन सोनिवलीला आल्या आणि पाणी सुटलं. मग कितीतरी वर्षं त्या उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसल्या. दिवसभर वाकून जाड कापड शिवायचं. त्यातच कंबर गेली. शेवटी काम सोडावं लागलं. घरी बसल्या तर दुखणं आणखीच वाढलं.

त्यांचा मुलगा अमित समुद्रकिनाऱ्यावर कयाक शिकवायच्या कामाला होता. तिथली एक जुनी, बैठक तुटलेली कयाक तो टेम्पोत घालून घरी घेऊन आला. अंगणात उतरवली तेव्हा मोतीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मना बसव हिच्यात."

त्यांचे यजमान हरिचंद्र अंबरनाथच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. ते हसले. "कंबर धरून जिना चढतंस, आन्‌ होडी वल्हवनार?"

"जिन्याला पानी नाय," मोतीबाई म्हणाल्या.

झालं. अंगणात दोन टायरांवर कयाक ठेवली आणि मोतीबाई तिच्यात बसू लागल्या. आधी हरिचंद्रांनी खुर्चीसारखी उंच पाठ लावली. जमिनीवर ती फार आरामाची वाटली. पण वल्हं मारायला अंग वळवलं की तिची कड बरगडीत रुते. शिवाय कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती रबरी झगा घालतात, तो त्या उंच पाठीमुळे बसेना. मग मोतीबाईंनी जीन्सच्या तुकड्यांची जाड उशी शिवली. नदीत एक फेरी झाली आणि उशी पाणी पिऊन दगडासारखी जड झाली. तिने पाठ सोलून निघाली ती वेगळीच.

अमित म्हणाला, "आई, तू मागे रेलतेस, तेच चुकतंय. टेकायचं नाही. ताठ बसायचं आणि आधार नुसता कमरेला लागून पाहिजे. खाली, एकदम खाली."

तेव्हा माझी पाळी आली. पाणी न शोषणारा फोम, त्यावर नायलॉनचं कापड, दोन्ही बाजूंना घट्ट-सैल करता येणारे पट्टे आणि चटकन सुटणारी बकलं. कापड मोतीबाईंनी शिवलं, बकलं हरिचंद्रांनी बसवली. जुन्या चपलांचे तळवे कापून त्यांनी कुल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना गाद्या केल्या. पाय टेकायच्या पट्ट्या पुढे-मागे करून गुडघे बरोबर वाकतील अशा लावल्या. गाद्या पहिल्यांदा इतक्या घट्ट झाल्या, की मोतीबाई आत अडकल्या आणि सगळे हसून बेजार झाले.

अमित मात्र हसला नाही. "होडी उलटली तर काय करशील? एका दमात बाहेर येता आलं पाहिजे."

हरिचंद्रांनी पुन्हा चाकू घेतला आणि गाद्या तासल्या. मोतीबाई अलगद बाहेर येईपर्यंत तासत राहिले.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं. सकाळी उल्हास नदीत आम्ही जायचो. पाणी संथ असायचं, बगळे बसलेले असायचे. मोतीबाईंची कंबर मला ओळखू लागली होती. थकल्या की किंचित माझ्याकडे झुकत, मी त्यांना हलकेच सरळ करी. थंडीत अमित आम्हाला समुद्रावर नेई. हरिचंद्र किनाऱ्यावर थर्मास घेऊन बसत. आम्ही परत आलो की विचारत, "दुखली का?"

"नाय," मोतीबाई म्हणत. हरिचंद्र मग मला बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून खारट पाणी काढत आणि सावलीत वाळत घालत. किनाऱ्यावरची माणसं कौतुकाने येऊन बघत. कुणी मोतीबाईंचे फोटो काढत. एकदा तर एका बाईंनी मला हातात घेऊन विचारलं होतं, "हा कुठल्या दुकानात मिळतो?" तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

मग हरिचंद्र आजारी पडले आणि गेले.

मोतीबाई पुष्कळ दिवस अंगणात आल्या नाहीत. कयाकवर धूळ बसली. घरात बोलायला कुणी नव्हतं. मुलगी जिज्ञासा लांब नाशिकला, अमित आठवड्यातून एकदा यायचा. शेवटी तोच म्हणाला, "चल आई, समुद्रावर जाऊ." त्या आल्या. पण परतताना किनाऱ्याकडे बघायच्या आणि वल्हं मध्येच थांबायचं. वाळूत कुणी बसलेलं नसायचं. दुखली का, हे विचारणारं कुणी नव्हतं. मला कळायचं, कारण तेव्हा त्यांची पाठ माझ्यावर जड व्हायची.

अशाच एका दिवशी अमितसोबत शहरातली काही मंडळी होती. त्यांत नेत्रा नावाची कॉलेजातली मुलगी होती. तिला भाड्याची कयाक मिळाली होती. दुपारी अचानक जमिनीकडून वारा सुटला आणि सगळ्यांना आत समुद्राकडे ढकलू लागला. बाकीचे कसेबसे किनाऱ्याकडे वळले. नेत्राच्या कयाकची प्लास्टिकची पाठ मात्र मोडली. ती मागे कलंडू लागली. पाय बधिर झाले, वल्हं चालेना.

मोतीबाई सगळ्यात जवळ होत्या. त्यांनी कयाक तिच्या कयाकला लावली.

"आजी, मी पडणार! मुझसे नहीं होगा!" नेत्रा रडत होती.

"रडू नको. माजी होडी दोनी हातांनी धर. सोडू नको." मोतीबाईंनी आपला झगा उघडला, कमरेमागे हात घातला आणि माझी बकलं सोडली. मग वाकून त्यांनी मला नेत्राच्या पाठीमागे लावलं, पट्टे ओढले. "आता ताठ बस. हां, अशी. पाय दाब पुढं."

तेवढ्यात अमित आला. त्याने नेत्राची कयाक दोरीने आपल्या कयाकला बांधली. "आई, तुझा पट्टा? तुझ्या पाठीचं काय?"

"हिला ने आधी. मी येतंय हलू हलू."

"आई, वारा बघतेस ना?"

"आरं ने, बोलत काय बसलास!"

अमित निघाला. मी कयाकच्या पोटात, मला दिसत काहीच नव्हतं. नेत्राची पाठ थरथरत होती आणि मी तिला माझ्या सगळ्या बळाने सरळ ठेवत होतो. मागून मोतीबाईंच्या वल्ह्याचा आवाज येत होता. चुबुक, चुबुक. मग तो लांब गेला. मग लाटांशिवाय काहीच ऐकू येईना. मित्रांनो, ज्या एका पाठीसाठी मला बनवलं होतं, ती तिथे उघडी होती आणि मी दुसरीकडे होतो.

नेत्रा किनाऱ्याला लागली. तिला टॉवेलात गुंडाळून गाडीत बसवलं आणि गाडी निघून गेली. मला तिच्या कयाकमधून काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. अमित वळून आईला आणायला गेला. मोतीबाई पोहोचल्या, पण त्यांना उचलून बाहेर काढावं लागलं. उभं राहता येत नव्हतं. त्यांना घेऊन तो दवाखान्यात गेला. त्या पुन्हा कधी कयाकमध्ये बसल्या नाहीत.

हे मला फार उशिरा कळलं. नेत्राची ती मोडकी कयाक किनाऱ्यावरच्या शेडच्या मागच्या कोपऱ्यात टाकून दिली आणि तिच्यासोबत मीही. अमितने आईजवळ राहता यावं म्हणून अंबरनाथला नोकरी धरली. माझ्या अंगात मीठ सुकलं, कापड ताठलं, उंदरांनी एक कोपरा कुरतडला. शेडमध्ये माणसं येत-जात, पण त्या कोपऱ्यात कुणी येत नसे. प्रत्येक चाहुलीला मला वाटे, मोतीबाई आल्या. किती हिवाळे गेले, मी मोजले नाहीत.

एक दिवस शेड पाडायची ठरली आणि जुन्या मालकाने अमितला मदतीला बोलावलं. भंगारात त्याला मी दिसलो. त्याने मला पिशवीत घातलं.

सोनिवलीच्या घरी मोतीबाई खिडकीजवळ खाटेवर होत्या. अमितने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी बकल दाबलं, ते मिठाने गच्च झालं होतं. बराच वेळ नखाने मीठ खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती पोरगी कशी हाय रं?"

नेत्राचा कधी फोन आला नव्हता. "माहीत नाही, आई."

"घरला पोचली होती ना त्या दिशी?"

"हो. पोचली."

"मंग झालं," मोतीबाई म्हणाल्या, आणि मला उराशी धरून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. एवढं केलंत तर आम्ही पुष्कळ वर्षं साथ देऊ. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. तुम्हाला कधी कुणी पाण्यातून काठाला आणलं असेल, तर एकदा त्यांच्या दारात जा. काही नेऊ नका. त्यांच्याजवळ जरा वेळ बसा आणि विचारा, "तुमची पाठ आता कशी आहे?"