पढवलेलं वाक्य

चित्रासमोर माणसांना उभं करायचं, एक प्रश्न विचारायचा आणि मग आपलं तोंड बंद ठेवायचं. आमच्या धंद्याचं सगळं शहाणपण एवढंच. ते शिकायला मी बर्नमध्ये दोन वर्षं घातली आणि नेमकं तेवढंच मला जमलं नाही. आमच्या पदवीला 'कलाशिक्षण आणि कलामध्यस्थी' असं भारदस्त नाव आहे. चित्र आणि बघणारा यांच्या मध्ये उभं राहायचं, पण आड यायचं नाही.

फेब्रुवारीतल्या परीक्षेत मी प्रश्न विचारला, आठच्या आठ माणसं गप्प राहिली, आणि सातव्या सेकंदाला उत्तर मीच देऊन टाकलं. आमच्यात यापेक्षा मोठं पाप नाही. आमच्या प्राध्यापक ल्यूशरबाई यांनी शेरा मारला, 'उमेदवाराला गटाची गरजच नव्हती.' फेरपरीक्षा एकदाच मिळते. जूनमध्ये पुन्हा तसंच झालं असतं तर दोन वर्षं पाण्यात आणि पदवी कायमची गेली, एवढा सरळ हिशोब होता.

भ्यालेला माणूस काय करील सांगता येत नाही. मी लबाडी केली.

परीक्षेसाठी बघणाऱ्यांचा गट संग्रहालयच जमवतं. त्यातलं कोणीही उमेदवाराच्या ओळखीचं नसावं असा नियम आहे, आणि तसं आपण सही करून द्यायचं असतं. मी सही केली, आणि त्याआधीच माझ्या घरमालकीणबाईंना, बेर्टा झाउग यांना, पेन्शनरांच्या मंडळातून नाव नोंदवायला लावलं. बाई सत्त्याहत्तर वर्षांच्या, बोलणं मोजूनमापून. तीन वर्षं मी त्यांच्या वरच्या खोलीत राहत होते, रोज सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होते, पण त्यांचं लहानपण खेड्यात गेलं यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. विचारलं नव्हतं, हे जास्त खरं.

चित्र मी त्यांना दाखवलं नाही, फक्त एक वाक्य पढवलं. मी विचारणार, 'इथे काय दिसतंय?' कोणीच बोललं नाही तर त्यांनी म्हणायचं, 'खिडकीतून उजेड येतोय, पण मुलीपर्यंत पोचत नाही.' एकाने तोंड उघडलं की बाकीचे बोलतात. भांडी विसळता विसळता त्यांनी ते चार-पाचदा म्हणून दाखवलं.

"पोपट तर पोपट," त्या म्हणाल्या, "तुझं गाडं पुढे जाऊ दे म्हणजे झालं."

चित्र शंभरेक वर्षांपूर्वीचं होतं. शेतकऱ्याचं घर, टेबलाभोवती जेवायला बसलेलं कुटुंब, आणि दाराजवळच्या बाकावर मांडीवर वाडगा घेतलेली एक मुलगी. लोक त्याच्यापुढे उभे राहून 'किती घरगुती' म्हणतात आणि पुढच्या दालनात जातात.

जूनच्या फेरपरीक्षेत मी प्रश्न विचारला. कोणी बोललं नाही. ल्यूशरबाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं. संग्रहालयाचे चान्झ, दुसरे परीक्षक, यांनी घड्याळाकडे पाहिलं. दहा सेकंद झाले, पंधरा झाले. मी झाउगबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. नजर चित्रातल्या दाराकडे होती. विसरल्या, संपलं, असं मला वाटलं.

"ती त्यांची नाही," झाउगबाई म्हणाल्या.

गटातल्या एका निवृत्त पोस्टमनने विचारलं, कशावरून.

"टेबलाशी एक जागा रिकामी आहे. तरी ती दाराशी बसलीय."

सगळ्यांनी पाहिलं. खरंच एक जागा रिकामी होती. दोन महिने हे चित्र घोकत असून ती मला दिसली नव्हती.

मग त्या बोलत राहिल्या. वडील वारले तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. गावच्या कचेरीने त्यांना आईपासून काढून एका शेतकऱ्याकडे कामाला दिलं. नऊ वर्षं पहाटे गोठा, मग शाळा, मग पुन्हा गोठा. जेवण दाराशी. आमच्या देशात हे असं हजारो मुलांचं झालं, सरकारने माफीही मागितली, शाळेत आम्हाला धडा होता. पण धड्यातलं माणूस आपल्याला रोज कॉफी ओतून देत असेल, हे कुठे सुचतं?

"वर्षातून एकदा कचेरीतले साहेब यायचे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर विचारायचे, बरं चाललंय ना? आदल्या दिवशी शेतकऱ्याने मला पढवलेलं असायचं. मी म्हणायचे, हो, बरं चाललंय. ते लिहून घ्यायचे आणि जायचे."

त्यानंतर गटातलं कोणीच गप्प राहिलं नाही. पोस्टमन त्याच्या आत्याबद्दल बोलला, एक बाई रडली. चाळीस मिनिटांत मी जेमतेम तीन वाक्यं बोलले असेन. ल्यूशरबाईंनी पेन खाली ठेवून चष्मा पुसला. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर 'पास'. मला त्याची अजून लाज वाटते.

नंतर ल्यूशरबाई म्हणाल्या, की अकरा वर्षांत असं सत्र त्यांनी पाहिलं नव्हतं. मग नियमाप्रमाणे गटातल्या प्रत्येकाला विचारायचे दोन प्रश्न त्यांनी विचारायला घेतले. उमेदवाराला ओळखता का? काय बोलायचं ते कोणी सांगितलं होतं का? झाउगबाईंची पाळी शेवटी आली. त्यांनी पर्स छातीशी धरली होती.

"नाही. ओळखत नाही. मला कोणी काही सांगितलं नाही."

हे असलं खोटं बोलायला मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या आपणहून माझ्यासाठी बोलल्या. पण आवाज सपाट होता, नजर जमिनीकडे, आणि ल्यूशरबाई ते लिहून घेत होत्या. सत्तर वर्षांनी या बाईला पुन्हा तिथेच उभं केलं होतं, आणि या खेपेला शेतकरी मी होते.

गप्प राहिले असते तर पदवी माझी होती. बोलले असते तर पदवी जाणार होतीच, वर झाउगबाईंचं खरंही खोटं ठरण्याची भीती. किती सेकंद गेले ते मी मोजले नाहीत.

"त्या माझ्या घरमालकीण आहेत," मी म्हणाले. "त्यांना मी आणलं. एक वाक्य पढवलं होतं, उजेडाबद्दल. ते त्यांनी म्हटलंच नाही. त्या जे बोलल्या ते मीही आज पहिल्यांदा ऐकलं."

"हे तरी आम्ही खरं कशावरून मानायचं?" चान्झनी विचारलं. ल्यूशरबाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागदावर आडवी रेघ मारली आणि निकाल तिथेच सांगितला. तिसरी परीक्षा नसते.

ट्रामच्या थांब्यावर मी झाउगबाईंबरोबर उभी होते. दोन ट्राम आम्ही सोडल्या. मी माफी मागितली. म्हटलं, करून सवरून मी तुमच्या खऱ्यावरही संशय आणला, त्यापेक्षा गप्प बसायला हवं होतं.

"नऊ वर्षं ते साहेब आले, पोरी," त्या म्हणाल्या. "मी 'बरं चाललंय' म्हणायचे तेव्हा टेबलाशी सहा माणसं बसलेली असायची. त्यातल्या एकानेही कधी म्हटलं नाही, की साहेब, हिला पढवलंय."