मुळेपल्याड सोडलेली ठकी

शिंगणापुरात घराला दार नसतं. चौकट असते, उंबरा असतो, उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं असतात, पण दार नाही. शनिदेव राखणीला बसलेला असताना कडीकोयंडा हवाय कशाला? कुत्री भाकरी पळवतात म्हणून फार तर लोक एक फळी आडवी टेकवून ठेवतात. सूर्यभाननं उभ्या जन्मात कडी लावली नव्हती आणि त्याचं त्याला कधी काही वाटलंही नव्हतं. वाटलं ते बहात्तरच्या दुष्काळात, त्याची बायको पुष्पावती माहेराहून दीड महिन्याचं पोर घेऊन आली तेव्हा.

कारण घरात मांजर होतं. ठकी तिचं नाव. तिचं पुराण सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

सहा वर्षांपूर्वी ह्या दोघांची पहिली लेक, कौतिका, पाच आठवड्यांची होऊन गेली. पाजून निजवलेली पोर सकाळी हललीच नाही. काय झालं ते कुणालाच कळलं नाही. लेक गेली, पण आईच्या अंगातलं दूध कुठं जाणार? पुष्पावती न्हाणीच्या कोपऱ्यात ते पिळून टाकायची आणि तोंडात पदर कोंबून रडायची. चौथ्या-पाचव्या दिवशी मोकळ्या चौकटीतून मुठीएवढं पिलू आत आलं आणि जमिनीवरचं ते दूध चाटायला लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती पिलासाठी दूध वाटीत काढायला लागली. सूर्यभाननं हे सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हा बायको दोन घास खायला लागली, हेच त्याला लई वाटलं.

आता घोडं नेमकं इथंच अडलं. पुष्पावतीच्या लेखी ठकी म्हणजे कौतिकाच्या वाटणीचं दूध प्यालेलं लेकरू. सूर्यभानच्या लेखी हे जनावर एकदा बाळाचं दूध प्यालंय, आणि आता घरात पुन्हा त्याच दुधाचा वास सुटलाय. वर शेजारच्या चुलतीनं, गोजरबाईनं, तेल ओतलं. "मांजराला तान्ह्याच्या तोंडाचा वास गोड लागतो बाबा. छातीवर बसतं अन् श्वास वढून घेतं. आमच्या माहेरी एक पोर असंच गेलं." कुणी बघितलं होतं? कुणी नाही! पण एक लेक गमावलेल्या बापाच्या कानात असलं काही शिरलं, की ते बाहेर निघतंय होय?

"तिला भाईर ठेव," तो म्हणाला.

"भाईर कशी ठिवू? दार हाय का आपल्याला?" पुष्पावती म्हणाली. "फळी लावली तर ती उडी मारून येती."

"मग कुठंतरी सोडून येतो."

"सोडा की. आदी मला सोडून या, मग तिला."

त्यानं विषय सोडला, पण झोप उडाली ती उडालीच. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडताना त्याचा जीव घरातल्या झोळीपाशी असायचा.

फाल्गुनातला बाजारचा दिवस होता. त्या दिवशी कामाला सुट्टी. पुष्पावती विहिरीवर हंड्यांच्या रांगेत गेली होती. सूर्यभान म्हशीला गुरांच्या छावणीवर बघून घरी आला आणि झोळीत डोकावला, तर पोराच्या पायाशी ठकी वेटोळं करून निजलेली. पोर झोपेत हसत होतं. पण त्याला ते हसणं दिसलं नाही. त्याला दिसली सहा वर्षांपूर्वीची सकाळ.

त्यानं गोजरबाईला हाक मारून पोरापाशी बसवलं. कोपऱ्यातलं रिकामं पोतं घेतलं, तोंड उघडून धरलं आणि रोज भाकरीचा तुकडा टाकताना घालायचा तशी साद घातली, "ठके, ये गं." ती आली. आपल्या पायांनी चालत पोत्यात शिरली. धरायची, ओढायची गरजच पडली नाही.

म्हणतात, मांजर नदीपल्याड सोडलं की परत येत नाही, वाहतं पाणी ओलांडून त्याला घराची वाट सापडत नाही. मुळा नदी तीन कोसांवर. खांद्यावर पोतं घेऊन सूर्यभान भर उन्हात चालत गेला. ठकी पहिला कोसभर ओरडली, मग गप्प झाली. काठावर पोचला तर नदीत काय? नुसती वाळू. एका डोहात हिरवं डबकं, त्यात दोन म्हशी. बाकी ह्या काठापासून त्या काठापर्यंत टिपूस नाही. क्षणभर तो थबकला. मग मनाशी म्हणाला, पाणी नसलं म्हणून काय झालं, नदी ती नदीच की. वाळू तुडवत पलीकडं गेला, पोत्याचं तोंड सोडलं आणि मागं न बघता परत फिरला.

घरी पुष्पावती पोराला पाजत बसली होती. तिनं त्याच्या काखेतलं पोतं बघितलं. पोत्याला पांढरे केस चिकटले होते.

"कुठं सोडली?"

"मुळंच्या पल्याड."

"मुळंला पानी हुतं का?"

त्यानं पोतं कोपऱ्यात टाकलं. तिनं आकांडतांडव केलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. त्या परवडल्या असत्या. ती त्याच्याशी बोलायचीच थांबली. जेवायला वाढायची, पोर हातात द्यायची, आणि संध्याकाळी रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचा भिजवलेला तुकडा वाटीत घालून उंबऱ्याच्या आत ठेवायची. सकाळी तुकडा सुकलेला असायचा.

दुसरा बाजारचा दिवस गेला, तिसऱ्याच्या दुपारी ठकी आली. कान फाटलेला, पंजे सोललेले, बरगड्या मोजून घ्याव्यात. उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर येऊन बसली.

"ठके! माझे बाय!" पुष्पावती धावत गेली, तिला उचलून पोटाशी धरलं, रडली, हसली. पण उंबरा ओलांडून आत पाऊल टाकलं मात्र, ठकी अंग पिळून ओरडली, तिच्या हाताला ओरबाडलं आणि उडी टाकून पुन्हा पायरीवर जाऊन बसली. पुन्हा उचलली, पुन्हा तेच. वाटी उंबऱ्याच्या आत ठेवली तर नुसती बघत राहायची. बाहेर सरकवली की खायची.

सूर्यभानला आधी बरंच वाटलं. खोटं कशाला बोला! आपल्याला हवं होतं ते झालं. पोर आत, मांजर बाहेर. पण चैत्राचं ऊन पायरीवर उतरायला लागलं तसं त्याला ते बघवेना. आत सावली, आत माठाचा गारवा, आणि हे जनावर बाहेर तापल्या दगडावर जीभ काढून बसलेलं. नजर मात्र झोळीवर. पोर रडलं की कान ताठ करून उभं राहायचं आणि उंबऱ्याला नाक लावून थांबायचं.

एका सकाळी त्यानं ती आडवी फळी काढून मागच्या अंगणात टाकून दिली. पोराला मांडीवर घेऊन आत बसला आणि साद घातली, "ठके, ये गं."

ती उठली आणि चार पावलं मागं सरकली.

तेव्हा त्याला कळलं. ह्याच सादेवर ती पोत्यात शिरली होती. पुष्पावती चुलीपाशी होती. तिनं ऐकलं, पण मान वर केली नाही. त्यानंतर तो रोज बोलवायचा. रोज ती मागं सरकायची.

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी पुष्पावती सडा टाकायला बाहेर आली आणि तिथंच खाली बसली. गावातल्या कुत्र्यांनी ठकीला गाठलं होतं. पायरीवरच. तिची नखं दगडावर घासलेली दिसत होती. एक उडी मारली असती तर आत होती. फळी नव्हती, काही नव्हतं.

पुष्पावतीनं जुनेराच्या धडप्यात तिला गुंडाळलं. शेताच्या बांधावर, बाभळीखाली, जिथं कौतिकाला ठेवलं होतं तिथं सूर्यभाननं खड्डा घेतला. जमीन वाळून दगड झालेली, कुदळ टणकत होती. माती लोटून झाल्यावर पुष्पावती म्हणाली, "अख्ख्या गावात कुनाच्या घराला दार न्हाई. तुमी लावलं."

ती पुढं निघून गेली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून तो खड्ड्यावर दगड रचत बसला.

ऊन चढल्यावर घरी आला. पायरी धुतलेली होती, दगड अजून ओला होता. आत पोर झोळीत हातपाय झाडत होतं. सूर्यभान कुदळ घेऊन पायरीवर उभा राहिला. उंबऱ्यावरून पाय उचलेना. स्वतःचं घर, मोकळी चौकट, आणि माणूस बाहेर उभा! कुणी अडवलं होतं त्याला? पण उभा राहिला खरा, पायाखालचा दगड वाळेस्तोवर.

पुष्पावतीनं भाकरी थापली, उलटली, फुगवली. त्याच्याकडं बघितलं नाही. दुसरी भाकरी झाली. मग पदरानं तिनं डोळे पुसले आणि ताट पुढं सरकवलं.

"या आत," ती म्हणाली. "पोरगं वाट बघतंय."