गप्प बसायचा हक्क

सुलेखाताईंच्या नवऱ्याचं नाव विनय. बारशाच्या वेळी आईबाप काय विचार करतात, देव जाणे! अमेरिकेतल्या त्यांच्या अ‍ॅशबर्न गावात कुणाचं ग्रीनकार्ड अडकलं, कुणाच्या सुनेनं वेगळं अपार्टमेंट बघितलं, कुणाच्या पोरानं मेडिकल सोडून ड्रम वाजवायला घेतले, हे विनयकाकांना त्या त्या घरातल्या माणसांच्या आधी कळायचं. आणि एखादी गोष्ट कळलेली नसलीच, तरी 'मला माहीत नाही' असं त्यांच्या तोंडून सुलेखाताईंनी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं.

अशा माणसाला कॅनडातल्या कोर्टात साक्ष द्यायची होती. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच, फक्त हे कोलीत सरकारी होतं.

झालं होतं असं. परीक्षित हा सुलेखाताईंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. एमएस करून नोकरीला लागला तो यांच्याच घरी राहिला, मावशीच्या हातची थालीपीठं खाऊन बाळसं धरलं. व्हिसाच्या लॉटरीत काही नंबर लागेना, म्हणून शेवटी टोरांटोला गेला. तिथे बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्याशी वाजलं. शेजारी पडला, त्याचं मनगट मोडलं. शेजारी म्हणतो, ढकललं. परीक्षित म्हणतो, बर्फावरून घसरला. कॅमेरा होता, पण बंद. एरवी तुम्ही नाकात बोट घातलंत तरी टिपतील मेले, हवे तेव्हा बंद! आता गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग एकवेळ टळेल, पण वर्क परमिट जाणार, तिथे कायमचं राहायचा, पीआरचा अर्ज बोंबलणार आणि पोरगा बॅगा भरून परत. सुलेखाताईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

परीक्षितच्या वकीलबाईंनी फोनवर नियम समजावून सांगितला. आरोपी शांत स्वभावाचा आहे हे दाखवायला साक्षीदार आणता येतो. मात्र त्यानं स्वतःचं मत द्यायचं नाही, किस्से सांगायचे नाहीत. आरोपीच्या ओळखीपाळखीत त्याच्याबद्दल काय बोललं जातं, एवढंच सांगायचं.

"म्हणजे लोक काय म्हणतात, हा पुरावा?" सुलेखाताईंनी विचारलं. जन्मभर 'लोक काय म्हणतील' ऐकून कान किटले होते, आणि आता ते कायद्यातसुद्धा निघालं!

"हो. पण आपण चांगलं काढलं की सरकारी वकिलांना वाईट काढायची मुभा मिळते. तेव्हा काकांनी थोडक्यात बोलावं."

"थोडक्यात ना? काळजीच नको," काका म्हणाले. "महाराष्ट्र मंडळात आभारप्रदर्शन दरवर्षी मीच करतो."

वकीलबाईंना यातलं काही कळलं नाही. सुलेखाताईंनी मात्र ती आभारप्रदर्शनं ऐकली होती.

साक्ष घरूनच व्हिडिओवर द्यायची होती. खोलीत एकट्यानं बसायचं, अशी ताकीद होती. काकांनी पाठीमागे मंडळाच्या ट्रॉफ्या दिसतील असा लॅपटॉप लावला. सुलेखाताई शेजारच्या लाँड्री रूममध्ये ड्रायर बंद करून भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या.

सुरुवात झकास झाली. परीक्षित म्हणजे गरीब गाय, अख्खं अ‍ॅशबर्न हेच म्हणतं, असं काकांनी ठणकावून सांगितलं आणि चक्क थांबले. सुलेखाताईंनी गणपतीला नारळ बोलून टाकला.

मग सरकारी वकील उभी राहिली. आवाज असा, की मधात बुडवून काढलेला. कॅनडातली माणसं तुमचा गळा धरतानाही आधी सॉरी म्हणतात.

"सॉरी हं सर, पण तिथे एवढे मराठी लोक राहतात. सगळंच काही तुमच्या कानावर येत नसेल ना?"

भिंतीपलीकडे सुलेखाताईंनी कपाळाला हात लावला. भवानीनं नेमकी नस पकडली होती.

"सगळं येतं," काका म्हणाले.

"आरोपीच्या रागाबद्दल कधी काही आलं? की ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?"

"मला सांगितलं नाही, असं काही नसतंच, मॅडम. त्याचं हॉस्टेलचं प्रकरणसुद्धा मला माहीत आहे."

अरे देवा! वकीलबाईंनी हरकत घेतलेली ऐकू आली. सरकारी वकिलीणबाईंनी तेवढ्याच गोडीनं विचारलं, की हे आपल्याला कुणाकडून कळलं.

"मिसेसकडून."

इथे जजसाहेबांनी स्वतःच थांबवलं. बायकोनं संसारात नवऱ्याला सांगितलेली गोष्ट उघड करायची सक्ती कोर्टसुद्धा करू शकत नाही, असं त्यांनी अगदी सावकाश समजावलं. तुम्हाला गप्प बसायचं असेल तर हा तुमचा हक्क आहे, म्हणाले. सुलेखाताईंनी डोळे मिटून हात जोडले. घ्या हो हक्क, घ्या! एवढा एकदाच घ्या!

"छे छे, युवर ऑनर," काका म्हणाले. "आमच्या घरात लपवाछपवी नसते."

आणि सांगितलं. पुण्यात हॉस्टेलला असताना परीक्षितनं रूममेटला ठोसा मारून त्याचे दात पाडले, ते मित्रांनी तिथल्या तिथे मिटवलं, घरी कुणाला कळू दिलं नाही. "पण पोरगा सोन्यासारखा हो!" हेही शेवटी जोडलं.

सुलेखाताई कपड्यांच्या ढिगावर मटकन बसल्या. रागानं त्यांना रडूही येईना.

काका बाहेर आले ते घाम पुसत, खुशीत. "कशी झाली?"

"वाटोळं केलंत त्याचं!"

"अगं, शपथ घेतली होती. संपूर्ण सत्य सांगेन, अशी."

"आणि जजसाहेब काय म्हणाले?"

"ते ऑप्शनल होतं."

निकाल लागेपर्यंत सुलेखाताईंनी अबोला धरला. काकांना तो जाणवला की नाही, शंकाच आहे, कारण घरात बोलायचं काम ते एकटेच करत.

निकालाला परीक्षितचं नशीब धावून आलं. शेजाऱ्यानं आपली हकिगत दोनदा बदलली होती. शिवाय जजसाहेबांनी लिहिलं, की बायको नवऱ्याच्या कानात काय सांगते, ते म्हणजे लोकांत असलेलं नाव नव्हे, म्हणून ते बाजूला ठेवतो. संशयाचा फायदा मिळून परीक्षित सुटला. काकांनी संध्याकाळपर्यंत पेढे वाटले आणि आपल्या साक्षीमुळे भाचा कसा वाचला, ते अ‍ॅशबर्नपासून हर्नडनपर्यंत फोन करून कळवलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षितचा फोन आला. सुलेखाताईंनी धावत जाऊन घेतला.

"थँक्यू मावशी," तो म्हणाला. "तुम्ही दोघांनी खूप केलंत." परक्या बाईशी बोलावं तसा तो बोलत होता.

"अरे राजा, सुटलास, जीव भांड्यात पडला बघ. ह्यांचं तोंड म्हणजे..."

"हॉस्टेलचं आईला माहीत नव्हतं, मावशी. आता कळलं. रोज रडते."

"अरे, मी बाहेर कुणाकुणाला नाही रे बोलले. शप्पथ. फक्त ह्यांनाच सांगितलं होतं."

"हो ना," परीक्षित म्हणाला. "मीपण फक्त तुलाच सांगितलं होतं."

मग काकांना नमस्कार सांग म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.