तुटायला हवा असा स्क्रू

स्क्रूचं डोकं चमकत होतं. चमकायला नको होतं ते... शर्टाच्या बटणासारखं पांढरं, मंद दिसायला हवं होतं. सिद्धीनं रॉकेटची नळी दुकानाच्या दाराशी उजेडात नेली, डोक्यावरून अंगठ्याचं नख ओढलं, आणि नखाला जो गार, कडक स्पर्श झाला त्यानं तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. स्टील. नळी फिरवत ती पुढच्या स्क्रूवर गेली, तोही स्टील, त्याच्या पुढचाही — आणि प्रत्येकाखाली वायसर. वायसरसुद्धा!

काल तिनं स्वतःच्या हातानं नायलॉनचे बारके स्क्रू बसवले होते. त्यासाठी तास बुडवून पुण्याला गेली होती, बुधवार पेठेत दुकानामागून दुकान पालथं घातलं होतं. रॉकेट रात्रीपुरतं इथं दुकानात, रंगाच्या डब्यांमागं उभं करून ठेवलं होतं. तेवढ्यात कुणी केलं हे विचारायची गरजच नव्हती. न मागता स्क्रूखाली वायसर घालणारा माणूस सगळ्या ओतूरच्या बाजारपेठेत एकच — मदनलाल, हार्डवेअरवाले, तिचे वडील. आणि ते आत्ता घरी जेवायला गेले होते. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, हा घरचा नेम, म्हणून रोज या वेळेला कॉलेजातले तास घेऊन परस्पर येऊन गल्ल्यावर सिद्धीनं बसायचं.

किती वेळा सांगितलं होतं... पप्पा, याला सांधे दोन. खालचा, इंजिनाचा, तो कधीच सुटायला नको, तिथं तुम्ही तुमचं पोलाद घाला. वरच्या सांध्यात छत्री घडी घालून ठेवलेली असते. तो वर जाईपर्यंत टिकायला हवा आणि माथ्यावर पोचल्यावर, आतला छोटा बार उडाला की, तुटायला हवा. तुटला तर नळी उघडेल, छत्री बाहेर पडेल, रॉकेट तरंगत खाली येईल. नाही तुटला तर पहारीसारखं सरळ खाली. सांगितलं, आणि ते पालथ्या घड्यावर पाणी. पप्पा मान डोलवायचे, डबे उघडायचे आणि आणखी मजबूत स्क्रू काढून पुढ्यात ठेवायचे.

एकटे पप्पाच कशाला? फॅब्रिकेशनवाले शौकतभाई म्हणाले, पॉप रिव्हेट मारून देतो, आयुष्यात हलणार नाही. कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर म्हणाले, ॲरल्डाइट लावा मॅडम. शिपाई म्हणाला, तार गुंडाळा. अरे, पण मला तुटणारा पाहिजे! बेताचा, शहाणा, वेळेवर तुटणारा स्क्रू मागणारी बाई म्हणजे या सगळ्यांना वेडगळच वाटते. मजबूत द्यायला जो तो तयार. नाजूक मागितलं की लोक ऐकू आलं नसल्यासारखं करतात.

एक गिऱ्हाईक आलं. बिजागरी हवी होती, गोठ्याच्या दाराला. सिद्धीनं काढून दिली, स्क्रू दिले, वायसरही दिले — दिलेच की! हात आपोआप डब्याकडे गेला आणि तिला स्वतःचाच राग आला.

गेल्या वेळचं ते... जानेवारीत, कांद्याच्या दिवसांत. पडीक माळावरून रॉकेट झकास वर गेलं, कॉलेजातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि मग वरून छत्री काही निघेना. सिद्धीनं सांध्यावर जादाची चिकटपट्टी गुंडाळली होती, खात्री म्हणून. नळी बांधावरून पलीकडे बयाबाईच्या वावरात गेली, आणि बयाबाई वाफ्यात वाकून खुरपत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर ते घुसलं. म्हातारी उठली नाही की ओरडली नाही, नुसती त्या मातीकडे बघत बसली. तो हातभर सिद्धी अजून झोपेत मोजते. प्राचार्य म्हणाले, आणखी एकदा असं झालं तर हे सगळं बंद. बंद तर बंद, त्यांचं काय जातं? पण तासावर शिकवणाऱ्या सिद्धीकडे त्या कॉलेजात स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. आणि उद्या सकाळी पुन्हा त्याच माळावर जायचं होतं, पलीकडे बयाबाई असणारच होती.

आणि पप्पांनी स्टील घातलं. तिनं पाहिलं नसतं तर...

चप्पल पायरीवर वाजली. मदनलाल आत आले, भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडले, आणि मग लेकीच्या मांडीवरची नळी आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर बघून जागीच थांबले.

"कशाला काढती? पक्कं केलंय मी."

"कुणी सांगितलं होतं पक्कं करायला?" आवाज चढला तसा तिनं तो आवरला. समोरचे चहावाले कान टवकारून होते.

मदनलाल स्टुलावर बसले. मग हळू म्हणाले, "आगं, त्या दिवशी मी व्हतो ना तिथं. तीन तुकडे मी उचलले वावरातनं. सुटलं म्हणून तर पडलं ना ते? यावेळी न्हाई सुटायचं."

सिद्धीचा स्क्रू ड्रायव्हर थांबला. सुटलं म्हणून पडलं... तुकडे. हो, तुकडे झाले होते, पण आपटल्यावर. आभाळातून येताना ते अखंड होतं. अखंड होतं म्हणूनच तर आलं तसं. हे यांना कधी सांगितलं मी? त्या दिवशी ती कुणाशीच बोलली नव्हती. पप्पांनी ते तुकडे पोत्यात भरून आणले, ती खोलीचं दार लावून बसली, आणि पुढं महिनाभर नाजूक पाहिजे, तुटणारा पाहिजे म्हणून त्यांच्यावर खेकसत राहिली. हार्डवेअरवाल्या माणसानं जमिनीवर तीन तुकडे पाहिले. त्यानं दुसरं काय समजायचं होतं?

राग गेला नाही. पण त्याला टेकायला जागा उरली नाही, आणि असा राग तिला फार अवघड वाटला.

तिनं सांगितलं. पहिल्यापासून, न खेकसता, चिकटपट्टीसकट. मग उठून मदनलालांनी सुट्या वस्तूंच्या डब्यातून तिचे नायलॉनचे स्क्रू काढून दिले. टाकणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. तिनं उरलेले स्टीलचे काढून ते दोनच बसवले, समोरासमोर.

"धरा. तुम्ही वरून, मी खालून. ओढायचं. बघू कधी तुटतो."

त्यांनी धरलं, ओढलं. नळी जरा कुरकुरली, स्क्रू तसेच.

"न्हाई तुटत," मदनलाल म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका खुलला की तिला बघवेना. "चांगला हाय की गं पांढराबी."

पण सिद्धी त्यांच्या मनगटांकडे बघत होती. गंजून धरलेला नट सोडवताना पप्पांच्या मानेपर्यंत शिरा तटतटतात, दात आवळले जातात, हे ती लहानपणापासून बघत आलेली. आत्ता एकही शीर वर आली नव्हती. कोपर अंगाला चिकटलेले. हा माणूस ओढतच नव्हता. मग हे दोन स्क्रू उद्या वर तुटतील का, दोनच ठेवायचे की तिसरा हवा, हे आता कशावरून ठरवायचं?

"अजून, पप्पा."

"ओढतोय की."

"नाही ओढत तुम्ही. पलीकडे बयाबाई असते उद्या. तुटू दे."

त्यांनी मान हलवली, पकड बदलली, पाय रोवले. तिनंही पाय रोवले, श्वास धरला. समोर त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला, या वेळी खरोखर — आणि नळी आपल्या हातातून थोडी त्यांच्याकडे सरकतेय, तुटू नये म्हणून आपणच ती जाऊ देतोय, हे सिद्धीच्या लक्षात आलं.